नुकुसोबूचे दोन दिवे

समुद्रदीप खात्याचे संचालक आणि आजच्या समारंभाचे अध्यक्ष. व्यासपीठावरच्या पाहुण्या, माननीय उच्चायुक्तबाई. प्रार्थना थोडक्यात आटोपल्याबद्दल आपण सगळे ज्यांचे मनातल्या मनात आभार मानतो आहोत ते पाद्रीसाहेब. लाऊ बेटांवरून तीन दिवस बोटीत हेलकावे खात आलेली वडीलधारी मंडळी. टोंगाहून आलेले आणि आल्या आल्या जेवण किती वाजता आहे हे विचारणारे पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती श्री. पेनाया, पहिल्या रांगेत विणलेल्या पंख्याने वारा घेत बसलेल्या त्यांच्या पत्नी वासितीवहिनी, आणि आज काम न करण्याचं अधिकृत कारण मिळालेले माझे कचेरीतले सर्व सहकारी,

आपणा सर्वांना या जसवंतीचा नमस्कार.

विषयाकडे वळण्यापूर्वी एक गंभीर तक्रार सभेपुढे ठेवणं मी माझं कर्तव्य समजते. व्यासपीठावरच्या प्रत्येकाच्या गळ्यात ताज्या फुलांची सालुसालू घालण्यात आली. माझ्या माळेत मुंग्या आहेत. लाल. अध्यक्षांच्या माळेत नाहीत, मी निरखून पाहिलं. उच्चायुक्तबाईंच्या माळेत असत्या तर एव्हाना दोन देशांत पत्रव्यवहार सुरू झाला असता. पाहुण्यांसमोर गळ्यातली माळ काढणं हा आपल्याकडे अपमान, म्हणून मला ती काढता येत नाही. या खात्यात मी एकतीस वर्षं टंकयंत्र बडवलं, खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर आले, मुख्य लिपिक झाले, आणि माझ्या सेवेचं चीज कशात झालं? तर चालत्याबोलत्या माळेत! तेव्हा बोलता बोलता मी एकदम मान झटकली किंवा खांदा उडवला, तर त्याला वक्तृत्व समजू नये.

मला कार्यक्रमपत्रिकेत "सत्कारमूर्तींचा परिचय, पाच मिनिटं" असं काम दिलं आहे. परिचय कुणाला करून द्यायचा? लाऊची मंडळी त्यांना जन्मापासून ओळखतात. टोंगाची मंडळी त्यांना शिव्या देण्याइतकं ओळखतात, आणि याहून जवळचं नातं मला माहीत नाही. राहता राहिल्या उच्चायुक्तबाई. बाई, तुमच्या देशाने आम्हाला सूर्यप्रकाशावर चालणारा तरंगता दिवा भेट दिला, म्हणून तुम्ही आज इथे आहात. आणि त्या दिव्याला माणूस लागत नाही, म्हणून पेनायाभैया आज निवृत्त होत आहेत. तुमच्यावर कुणाचा राग नाही. फक्त तो दिवा जिथे तरंगतो, तिथे आधी काय होतं, एवढं तुम्हाला सांगते. बाकीच्यांनी तोवर डुलकी काढायला हरकत नाही.

तिथे नुकुसोबू होतं. बेट म्हणायचं म्हणून बेट. भरती ओसरली की एकशे ऐंशी पावलं लांब आणि चाळीस पावलं रुंद वाळू. मोठी भरती आली की वाळू गायब, आणि पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या दोन खोल्या. दोन खोल्यांच्या डोक्यावर दोन दिवे. पांढरा आपला, तांबडा टोंगाचा. नारळाचं एक झाड होतं, ते तिसऱ्या वर्षी पडलं. ते कुणाच्या हद्दीत पडलं यावर तीन पत्रं झाली.

कारण हे बेट फिजीचं आहे. आणि ते टोंगाचंही आहे. दोन्ही सरकारांजवळ जुने नकाशे आहेत, जुन्या बोटींच्या नोंदी आहेत आणि कधीही बोटीतून न उतरलेले वकील आहेत. वकिलांनी दोन्ही सरकारांना एकच सल्ला दिला: तुमचा दिवा रोज संध्याकाळी लागला पाहिजे, तुमच्या माणसाने लावला पाहिजे, आणि तशी नोंद वहीत रोज झाली पाहिजे. एक दिवस जरी खाडा पडला, तरी समोरचा म्हणेल, बघा, यांनी बेट सोडलं. म्हणून मग भर समुद्रात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, दोन देशांचे दोन दिवे. कुठलंही जहाज त्या वाटेने जात नसताना. एक जहाज वाट चुकून आलं होतं म्हणे एकदा. दोन दिवे पाहून आणखी चुकलं.

आपल्या सरकारने तिथे पेनायाभैयांना पाठवलं. लाऊचा माणूस, चर्चमधला धर्मसेवक, अक्षर मोत्यासारखं, आणि खोटं बोलायला गेला तर कान लाल होतात. टोंगा सरकारने पाठवलं साइआला. हापाईचा मच्छीमार, आवाज घंटेसारखा, आणि खोटं बोलताना कान तर सोडाच, पापणीही हलत नाही. हसता काय, साइआभाऊ? मी तुम्हाला मागच्या रांगेत बघते आहे.

आणि दोन्ही सरकारांकडून एक घोटाळा झाला. पाठवण्याआधी माणसाचं वय विचारलं, वजन विचारलं, पोहता येतं का विचारलं. गाव कुठलं हे विचारलं, पण त्या गावाचे तौवू कोण, हे कुणीच विचारलं नाही.

उच्चायुक्तबाई, तौवू म्हणजे काय ते सांगते. ज्या दोन गावांचा जुना देव एक, ती गावं एकमेकांची तौवू. तौवूच्या घरी जावं, आवडेल ती वस्तू उचलावी. विचारायचं नाही. तोंडाला येईल ते बोलावं. ज्याची वस्तू गेली आणि ज्याला शिव्या पडल्या, त्याने रागवायचं नाही. रागावला तर तो कसला तौवू? पेनायाभैयांच्या गावचा आणि साइआभाऊंच्या गावचा देव एकच, एक शार्क. तो दमून समुद्रात आडवा झाला, तेव्हा त्याचं डोकं लाऊकडे आलं आणि शेपूट हापाईकडे. पाद्रीसाहेब, क्षमा असावी, ही फार पूर्वीची गोष्ट आहे, आता तो कुठल्याच चर्चला येत नाही.

तेव्हा नुकुसोबूवरची पहिली सकाळ अशी उजाडली. टोंगाचा माणूस वाळूवर उभा राहून ओरडला, "कुठल्या गावचा रे?" आपल्या माणसाने गावाचं नाव सांगितलं. मग पलीकडून असा काही हसण्याचा गडगडाट झाला म्हणे, की पक्षी उडाले. "डोक्याकडचा! अरे, डोकं असतं तर इथे आला असतास का?"

"शेपटाकडच्या," आपले धर्मसेवक म्हणाले, "शेपूट तरी नीट हलवायला शीक, मग बोल."

आणि टोंगाचं राज्य चालत चालत आलं, आपल्या खोलीत शिरलं आणि आपली किटली घेऊन गेलं.

आता पेनायाभैयांचा स्वभाव असा, की जे घडलं ते वहीत लिहायचं. त्यांनी लिहिलं: "तौवू आला. किटली नेली. वारा पूर्वेचा." महिन्याने बोटीबरोबर वहीतल्या सरकारी सामानाच्या नोंदींचा उतारा कचेरीत आला. तेव्हाच्या वरिष्ठांनी तो वाचला आणि मला बोलावलं. मी टंकलिखित केलेलं ते पत्र मला अजून पाठ आहे. "फिजीच्या सार्वभौम भूभागावरून फिजी शासनाच्या मालकीची एक ॲल्युमिनियमची किटली परकीय सत्तेच्या प्रतिनिधीने बेकायदा हलवली असून, या आगळिकीचा हे शासन तीव्र निषेध करीत आहे." तीन महिन्यांनी तिकडून उत्तर आलं. "सदर किटली प्रारंभापासून टोंगाच्याच भूमीवर होती, उलट तिच्यात एक फिजी नागरिक विनापरवाना चहा उकळत होता."

काय म्हणालात, साइआभाऊ? किटली गळकी होती? मग चौदा महिने वापरली कशाला? बसा, बसा खाली.

तर असं बारा वर्षं चाललं. हा त्याची टोपी न्यायचा, तो याची छत्री. तांदळाचा डबा, मासेमारीचा गळ, रेडिओ, रविवारचा पांढरा सदरा. सदरा तर इतक्यांदा इकडून तिकडे गेला, की शेवटी तो नेमका कोणत्या देशाचा हे एखाद्या आयोगालाही ठरवता आलं नसतं. प्रत्येक वस्तूमागे निषेधाचं एक पत्र. मी त्या साइआला कधी पाहिलं नव्हतं. पण त्याने काय काय उचललं याची यादी मला तोंडपाठ होती, आणि एखाद्या माणसाच्या आवडीनिवडी कळायला याहून चांगला मार्ग नाही. त्याला गोड आवडतं, थंडी सोसत नाही, उशी मऊ लागते, आणि वाचता येत नसताना त्याने एकदा भैयांचं प्रार्थनेचं पुस्तक नेलं होतं. का नेलं, हे मी भैयांना विचारलं.

"एकट्याने म्हणायला नको म्हणून," ते म्हणाले. "पुस्तक त्याच्याकडे, वाचता मला येतं. मग रविवारी मला त्याच्या खोलीत जावंच लागतं."

तिथे बदलीचा माणूस ठेवून बोटीने सुट्टीवर आले की भैया माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचे, चहा प्यायचे, आणि असं एखादं वाक्य बोलून उठून जायचे. मागे मी आणि माझं टंकयंत्र. मी पुढच्या निषेधाला कागद लावायची.

तौवूची थट्टा इथवर पुरे. पुढे हसण्यासारखं थोडं कमी आहे.

तेराव्या वर्षाच्या सुरुवातीला दोन्ही सरकारांनी ठरवलं, की आता निकाल लावायचाच. तिऱ्हाईत देशातल्या तीन न्यायमूर्तींचा आयोग नेमला. दोन्ही दिव्यांच्या वह्या त्यांच्यापुढे जायच्या होत्या. ज्याच्या वहीत खाडा, त्याचा दावा गेला. आपल्या सरकारने त्यासाठी परदेशातून एक कायदेतज्ज्ञ मागवले होते. हॅलोरनसाहेब. गोरे, तरतरीत, उन्हाने नाक सोललेलं. त्यांनी आपली वही चाळली आणि एका पानावर त्यांचा हातच थांबला. मी समोर बसून लिहून घेत होते, म्हणून पाहिलं.

झालं होतं असं. आदल्या पावसाळ्यात साइआला ताप भरला. साधा नव्हे, शुद्ध हरपवणारा. बोट यायला तीन आठवडे अवकाश. रेडिओ त्या महिन्यात साइआच्याच ताब्यात होता, आणि बंद पडलेला होता. अकरा दिवस तो माणूस चटईवरून उठला नाही. आणि अकराही दिवस, दिवेलागणीला, पांढरा दिवाही लागला आणि तांबडाही. भैया आधी आपला लावायचे, मग वाळू ओलांडून, भरती असेल तर छातीइतक्या पाण्यातून, पलीकडे जाऊन त्याचा लावायचे.

बरा झाल्यावर साइआने खुणांच्या आपल्या वहीत त्या अकरा दिवसांपुढे रोजची खूण केली. दिवा लागला. ते खोटंही नव्हतं. पण आपल्या माणसाने आपल्या वहीत सगळं लिहिलं होतं. स्वच्छ, मोत्यासारख्या अक्षरात. हॅलोरनसाहेबांच्या दृष्टीने ते एक पान म्हणजे अख्खं बेट होतं. टोंगाचा माणूस अकरा दिवस कामावर नाही, आणि त्याचा दिवा आपल्या अधिकारात चालतो!

आणि ते पान आयोगापुढे गेलं तर साइआचं काय होणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. राजाचं बेट घालवणारा माणूस म्हणून नोकरी तर गेलीच असती. हापाईला त्याला तोंड दाखवता आलं नसतं. आणि त्याला बुडवणारं अक्षर असतं त्याच्या तौवूचं.

भैयांना जबाबाला बोलावलं. जबाब मीच लिहून घेतला, म्हणून शब्दाला शब्द सांगते.

हॅलोरनसाहेब म्हणाले, "त्या अकरा दिवसांत टोंगाचा दिवा बंद होता?"

"नाही साहेब. लागला होता."

"त्यांच्या माणसाने लावला?"

"तो तापात होता."

"मग लावला कुणी?"

"मी."

"म्हणजे त्या काळात तो दिवा तुमच्या ताब्यात होता."

"तौवूचं जे आहे ते माझंच असतं, साहेब."

साहेबांचा चेहरा उजळला. "लिहा, बाई, लिहा! म्हणजे तो दिवा फिजीचा होता."

"आणि माझं जे आहे ते त्याचं," भैया म्हणाले. "म्हणजे आपला पांढराही त्याचाच."

"हे लिहू नका," साहेब मला म्हणाले.

"त्याचं काम मी उचललं, साहेब," भैया समजुतीच्या सुरात सांगत होते, लहान मुलाला सांगावं तसं. "किटली उचलतात तसं. तौवूने काही उचललं म्हणून ते दुसऱ्याचं होत नाही. ते आमच्यातच राहतं."

साहेबांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. म्हणाले, "तुमचा जबाब मला नकोच आहे. तुमची वही पुरेशी आहे. उद्या सकाळी नऊ वाजता ती माझ्या टेबलावर पाहिजे."

जबाबापुरती भैयांकडे दिलेली वही रात्रभर कचेरीत जमा करायची होती. जमा करून घेणारी मी. चारच्या सुमाराला भैया आले, वही माझ्यापुढे ठेवली आणि नेहमीच्या बाकावर बसले. चहा आणला. प्यायले नाहीत.

"जसु," ते म्हणाले, "मला खोटं लिहिता येत नाही. पण खरं लिहिलं ते चुकलं का?"

माझ्यासारखी तिखट जिभेची बाई. अख्ख्या मजल्याला माझ्या तोंडाची धास्ती. मी म्हटलं, "चहा गार होतोय."

ते उठून गेले.

सकाळी नऊ वाजता हॅलोरनसाहेबांनी वही उघडली, तर तिच्यात ते पान नव्हतं.

मग जो गोंधळ उडाला, तो तुमच्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल. कपाटं उलटीपालटी झाली. टोपल्या रिकाम्या केल्या. मला विचारलं, मी म्हटलं, वही जशी आली तशी ठेवली. माझे कान लाल होत नाहीत. शेवटी भैयांना उभं केलं. खात्याचे सगळे मोठे लोक रांगेने बसलेले. विचारलं, "पान कुठे आहे?"

भैयांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच. आणि म्हणाले, "तौवूने नेलं असेल."

"टोंगाचा माणूस इथून आठशे किलोमीटरवर आहे!"

"त्याचा हात लांब आहे, साहेब."

आयोग आला आणि गेला. दोन्ही वह्यांत खाडा सापडला नाही. एक पान कमी सापडलं, पण कमी पानावर निकाल देता येत नाही म्हणे. न्यायमूर्तींनी सांगितलं, आहे तसं चालू द्या. तसं चालू राहिलं. फक्त एक गोष्ट बदलली. भैयांची त्या वर्षी वातुरेवाच्या मोठ्या दीपगृहावर बदली ठरली होती. तिथे रखवालदाराला दोन खोल्यांचं पक्कं घर, मागे फणसाचं झाड, बायकोमुलांना सोबत ठेवायची परवानगी. वासितीवहिनींनी पडद्याचं कापडसुद्धा घेतलं होतं. निळं, पांढऱ्या फुलांचं. सरकारी कागद सांभाळण्यात हयगय केल्याचा शेरा बसला आणि बदली रद्द झाली. ते परत नुकुसोबूवर गेले, आणखी चौदा वर्षं. वहिनी गावात, ते वाळूवर. वर्षातून दोनदा सुट्टी.

या चौदा वर्षांत त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. बाकावर येऊन बसायचे. चहा प्यायचे. वहिनींचं पत्र आलं की वाचून दाखवायचे.

गेल्या मार्चच्या वादळात नुकुसोबू गेलं. दोघांना आधीच उचलून आणलं होतं, देवाची कृपा. दोन्ही दिवे, दोन्ही खोल्या आणि खाली होती नव्हती ती वाळू, सगळं गेलं. आता ओहोटीलाही काही दिसत नाही. दोन्ही देशांचे दावे मात्र सुखरूप आहेत. या महिन्यातच मी एक पत्र टंकलिखित केलं.

जुलैमध्ये साइआभाऊ निवृत्त झाले. त्यांच्या राजाने त्यांना पदक दिलं, सव्वीस वर्षं अखंड दिवा ठेवल्याबद्दल. ते पदक त्यांनी आज छातीवर लावलं आहे. नाही लावलं? मघाशी होतं. भैया, तुमच्या खिशात बघा.

असो.

साइआभाऊंचं पद आता नाही, नोकरी नाही, बेट नाही, आणि पदक मिळालेल्या माणसाचं पदक काढून घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तेव्हा आता कुणाचं नुकसान होईल असं मला वाटत नाही, माझ्याखेरीज. म्हणून सांगते. पान मी घेतलं. त्या दिवशी पाच वाजता, सगळे गेल्यावर, पट्टी लावून, शिवणीजवळून. चौदा वर्षं ते माझ्या शिलाई मशीनच्या खणात होतं, बॉबिनच्या डबीखाली.

ही कुजबुज मला अपेक्षित होती. अध्यक्षमहाराज, माझी नोकरी अजून दीड वर्ष आहे. कारवाईचा कागद करायचा असेल तर मसुदा द्या, सोमवारी मीच टंकलिखित करून आणते. या कचेरीत दुसऱ्या कुणाला समास नीट सोडता येत नाही.

मी हे देशाविरुद्ध केलं का? मला विचाराल तर माझ्या डोक्यात त्या संध्याकाळी देश नव्हताच. मी अकरा दिवसांच्या ओळी वाचल्या. त्यातल्या थोड्या वाचते.

"सोमवार. वारा आग्नेयेचा. माझा दिवा लावला. तौवूला ताप, त्याचाही लावला."

"मंगळवार. दोन्ही लावले. पेज दिली. शेपटाकडच्यांना पेजसुद्धा करता येत नाही म्हणालो. उत्तर दिलं नाही. काळजी वाटते."

"शुक्रवार. दोन्ही लावले. तौवू मला ओळखत नाही. आई म्हणून हाक मारतो. ओ दिली."

"रविवार. दोन्ही लावले. प्रार्थना म्हटली. खालचा सूर धरायला कोणी नव्हतं."

"बुधवार. दोन्ही लावले. पाणी छातीपर्यंत. काडेपेटी डोक्यावर धरून गेलो."

आणि बाराव्या दिवशी, त्याच पानावर, सगळ्यात खाली: "शुक्रवार. माझा दिवा लावला. तौवू उठला, त्याचा त्याने लावला. जाताना माझी उशी घेऊन गेला. देवाचे आभार."

हे पान हॅलोरनसाहेबांच्या हाती पडू द्यावं असं मला वाटलं नाही. एवढंच. पण पान फाडताना मी बदलीचा विचार केला नव्हता. निळ्या पडद्यांचा तर नाहीच. आणि शेरा बसला तेव्हा मी उठून उभी राहू शकत होते. राहिले नाही. दोन लहान मुलं होती, नवरा साखर कारखान्यातून नुकताच कमी झालेला. कारणं खरी आहेत. पण भैयांनाही मुलं होती.

तौवूने उचललेली वस्तू परत करायची नसते. उशी, किटली, सदरा, पदक, कुणी कुणाला परत केलेलं मी ऐकलं नाही, आणि करूही नका. पण भैया, माझं तुमच्याशी ते नातं नाही. माझा पणजोबा ऊस तोडायला करारावर या देशात आला. त्याच्या देवाचं डोकं किंवा शेपूट इथल्या कुठल्याच गावाकडे येत नाही. तुम्ही त्या दिवशी सगळ्या खात्यासमोर मला तौवू म्हणालात, ते तुमचं मोठेपण. मी मात्र उचललं त्याला साधी चोरी म्हणतात, आणि ती परत करावी लागते. वासितीवहिनी, दोन खोल्या आणि चौदा वर्षं मला परत करता येत नाहीत. माझ्याजवळ फक्त हे पान आहे.

हा समारंभ घडवून आणल्याबद्दल अध्यक्षांचे, बाहेर सकाळपासून लोवोच्या खड्ड्याशी धुरात उभं राहून आपलं जेवण भाजणाऱ्या मंडळींचे, दूरवरून आलेल्या दोन्ही देशांच्या पाहुण्यांचे आणि पाच मिनिटांची पंचवीस होऊनही न उठलेल्या आपणा सर्वांचे मी आभार मानते. बोलण्यात कुणाला काही लागलं असेल, कुणाचं नाव किंवा मान राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं. पानाबद्दलची क्षमा मात्र मी सभेकडे मागत नाही. ती दोघांकडेच मागायची आहे, आणि इतक्या लोकांसमोर मागून मी त्यांना अवघडवणार नाही. त्यांनी सवडीने, घरी जाऊन काय ते ठरवावं.

मी खाली उतरते आहे. भैया, तुम्ही उठू नका. वहिनी, तुम्हीही बसा.

फक्त हात पुढे करा.